जंगलात कॅम्पिंगला जायचंय, पण माझी सुट्टी कुठाय?

"ताई, नमस्कार. मी मुलुंडला राहते, वय 37, बँकेत आहे. मुलगा 9 वर्षांचा, मुलगी 4 ची, सासूबाई 68 च्या, त्या आमच्याकडेच असतात, गुडघ्यांचा त्रास आहे. मिस्टरांनी यंदा ख्रिसमसच्या सुट्टीत नॅशनल पार्कमध्ये टेंट लावून चार रात्री राहायचं ठरवलंय, ताडोबा म्हणतायत. रोज रात्री व्हिडिओ बघतात, टेंट ऑर्डर पण करून झाला. मला वाघ-बिबट्याची भीती वाटते, साप, टॉयलेट, मुलगी रात्री दोनदा उठते. सासूबाई म्हणतात तुम्ही जा, मी राहते घरी, पण त्यांना एकटं कसं ठेवणार. आणि खरं सांगू का, मागच्या वर्षी अलिबागला गेलो तेव्हा पण मी तिथे जाऊन किचनमध्येच होते. नाही म्हटलं तर मीच मुलांची मजा घालवते असं होतं. काय करू?"

अगं, तू मला ताई म्हणालीस म्हणून मी सरळ अगं-तुगंवर येते, चालेल ना.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. वाघ, बिबट्या, साप, टॉयलेट, सासूबाईंचे गुडघे हे सगळं आधी आलंय आणि अलिबाग अगदी शेवटी, ते पण "खरं सांगू का" म्हणून. मला वाटतं खरं तेच आहे. वाघाचं आपण बघू, त्याला उपाय आहेत, पण अलिबागचं आधी मिटवलं नाहीस ना तर ताडोबाला जा नाहीतर स्वित्झर्लंडला जा, तू तिथे पण चार वाजता उठून कोणाचं तरी दूध गरम करत असशील.

आणि कॅम्पिंगमध्ये हे घरापेक्षा जास्त होतं बरं का. घरी निदान ओटा असतो, नळ असतो, कामाला बाई येते. टेंटमध्ये प्रत्येक गोष्ट खाली वाकून करायची, पाणी लांबून आणायचं, एका पोराचे मोजे सापडत नाहीत, दुसरीला शू लागलीये, मिस्टर फोटो काढतायत. ह्यात त्यांचा वाईट हेतू असतो असं मी अजिबात म्हणत नाही. ते व्हिडिओ बघतात त्यात कोणी भांडी घासताना दिसतच नाही ना, तंबू, शेकोटी, चांदणं एवढंच दिसतं, मग त्यांना वाटतं एवढंच असतं. दिवसभर ऑफिस करून रात्री घरी येणारा माणूस मुलांना घेऊन जंगलात जायचं म्हणतोय ही गोष्ट चांगलीच आहे, ती मोडू नकोस. फक्त त्यांना सांग. रात्री व्हिडिओ चालू असताना नको, रविवारी सकाळी चहा घेताना सांग, "मला यायचंय, खरंच यायचंय, पण मला अलिबागसारखं नकोय, मी तिथे तीन दिवस समुद्र नीट बघितला नाही." एवढंच. अख्खा इतिहास काढू नकोस. आणि लगेच कागद घेऊन बसा, कारण "हो हो, मी करेन ना मदत" ह्यावर विषय संपवलास तर परत तेच होणार. मदत नकोय, अर्धं काम त्यांचं हवंय.

म्हणजे कसं, तर टेंट-गादी-पांघरूण त्यांचं. सासूबाईंची औषधं त्यांची, त्यांच्याच आईची आहेत, कुठली गोळी सकाळची कुठली रात्रीची हे त्यांना पाठ हवं. मुलगी रात्री उठते तर एक रात्र तू एक रात्र ते, आणि त्यांच्या रात्री तू उठायचंच नाही, ती "आई" म्हणून रडली तरी नाही. 9 वर्षांचा मुलगा स्वतःची बॅग स्वतः भरेल, काही विसरला तर विसरला, एक दिवस तोच टीशर्ट घालेल. आणि स्वयंपाक कोणीच करायचा नाही. शेगडी न्यायची नाही, कुकर न्यायचा नाही, पीठ न्यायचं नाही. जिथे जेवण मिळतं तिथेच राहायचं. मधल्या वेळेला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, राजगिऱ्याच्या वड्या, बस. त्या पण विकत मिळतात, दादरला उतरलीस की समोर दुकानं आहेत, रात्रभर जागून करत बसू नकोस.

आता टेंटचं. हे मिस्टरांना जरा हळू सांग, उत्साहाने घेतलाय त्यांनी. नॅशनल पार्कमध्ये आपण आपला टेंट नेऊन वाटेल तिथे लावला असं चालत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आत जायलाच परवानगी लागते, मुक्काम तर लांबच. ताडोबाच्या कोअरमध्ये, म्हणजे अगदी आतल्या राखीव जंगलात, तर तुम्ही जिप्सीतून खाली पाय पण ठेवू शकत नाही, ठरलेल्या जागा सोडून. राहायचं ते बाहेर, गेटजवळच्या गावांत, बफरच्या म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्याच्या कडेला, तिथे रिसॉर्ट आहेत, होम स्टे आहेत, तयार तंबू असलेले कॅम्प आहेत, त्यात खाट असते, लाइट असतो, बाथरूम असतं. म्हणजे व्हिडिओत जे बघतायत ते बहुतेक कुठल्या तरी परदेशातल्या पार्कातलं असणार, तिकडे नंबर टाकलेल्या कॅम्पसाइट असतात, आपल्याकडे वाघाच्या जंगलात तसं नाही आणि ते बरंच आहे.

पण टेंट वाया नाही जाणार. माझं ऐकशील तर पहिली रात्र सोसायटीच्या गच्चीवर लावा. सेक्रेटरीला विचारून, शनिवारी. खरंच सांगतेय, हसू नकोस. गच्चीवर एका रात्रीत सगळं कळतं, मुलगी टेंटमध्ये झोपते का, की चेन लावली की घाबरते, खाली पातळ मॅट पुरते का पाठ धरते, मिस्टरांना तो टेंट लावता येतो का, आणि पहाटे तीनला शू लागली तर काय होतं. आमच्या धाकट्याला टेंटची चेन बंद केली की गुदमरायचं, ते आम्हाला आमच्या गोरेगावच्या गच्चीवरच कळलं म्हणून बरं, मग आम्ही जाळी तेवढी बंद ठेवायला लागलो, कापड उघडं.

मग दुसरी पायरी बोरिवली. तू म्हणशील नॅशनल पार्क काय, शाळेच्या सहलीत बघितलंय. अगं आपण सगळ्यांनी शाळेच्या सहलीत बघितलंय आणि परत कोणी नीट गेलेलं नाही, तीच तर गंमत आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान 100 चौरस किलोमीटरच्या वर आहे, तुळशी आणि विहार हे दोन तलाव त्यात आहेत, विहार 1860 च्या सुमाराचा, तुळशी त्यानंतर वीसेक वर्षांनी झाला, आणि आजही त्यातलं पाणी मुंबईला येतं. तुमच्या मुलुंडचा योगी हिल म्हणजे त्याच जंगलाची मागची बाजू. ज्या बिबट्याला घाबरून तू ताडोबाला नाही म्हणतेयस तो बिबट्या तुझ्या घराच्या मागच्या डोंगरावर आहे, तुझं लग्न होऊन तू मुलुंडला आलीस त्याच्या आधीपासून आहे.

हे घाबरवायला सांगत नाहीये, उलट. उद्यान आणि आरे वगैरे आजूबाजूचा पट्टा धरून कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे जंगलात लावलेल्या आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या मोजणीत पन्नासच्या आसपास बिबटे मिळाले आहेत आणि त्यांच्या चारी बाजूंनी आपण लाखो माणसं राहतो. 2004 च्या सुमाराला खूप वाईट दिवस होते, लागोपाठ हल्ले झाले, माणसं गेली. तेव्हा दुसरीकडे पकडलेले बिबटे आणून इथे सोडले जायचे, त्या अनोळखी जागेत सोडलेल्या जनावरांमुळे त्रास वाढला असं अभ्यासकांनी सांगितलं. मग 2011 पासून वनविभागाने अभ्यासक आणि मुंबईकरांना सोबत घेऊन लोकांशी बोलायला सुरुवात केली की कचरा उघड्यावर टाकू नका, कचऱ्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो, अंधारात मुलांना एकटं सोडू नका, दिसला तर घेरू नका. आतल्या पाड्यांवरचे वारली लोक तर वाघोबाला देव मानतात, वाघबारसेला पूजा करतात, पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या शेजारी राहतायत. तेव्हा बिबट्याचा नियम सोपा आहे, संध्याकाळनंतर 4 वर्षांची मुलगी कोणाच्या तरी हातात, चालताना मुलं मोठ्या माणसांच्या मध्ये, हातात टॉर्च, आपसात बोलत बोलत जायचं, आणि झुडपाआड कोणी एकट्याने बसायला जायचं नाही, कारण वाकून बसलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं दिसतं. आणि बोरिवलीला मोकळ्या जंगलात वाघ नाहीये, वाघ-सिंह आहेत ते सफारीच्या कुंपणात, ती एक भीती कमी कर.

तर डिसेंबरमध्ये चार रात्रींचं ताडोबा न करता एक दिवस आणि एक रात्र बोरिवली कर. गेटच्या आत वनविभागाचं निसर्ग माहिती केंद्र आहे, तिथे निसर्ग भ्रमंती असतात, शिलोंडासारख्या वाटा त्यांच्या माणसाबरोबर करता येतात. मुक्कामी कॅम्प कधी आहे, किती वयाच्या मुलांना घेतात, टॉयलेट कुठे आहे हे सगळं तिथेच विचारायचं, आणि हा फोन पण मिस्टरांनी करायचा. मुक्काम मिळाला नाही तरी बिघडत नाही, पहाटे जा, संध्याकाळी परत या आणि रात्री गच्चीवर टेंट. तुमच्यापासून येऊर पण जवळ आहे, ठाण्याच्या बाजूने, तो त्याच जंगलाचा दुसरा दरवाजा. पण पहिल्यांदा बोरिवलीच बरं, मेट्रोचं स्टेशनच राष्ट्रीय उद्यान नावाचं आहे, सासूबाईंना जिने चढायला लागत नाहीत, लिफ्ट आहे.

कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांना मात्र जाच. गेटपासून सहा किलोमीटरच्या आसपास आत आहे, बस जाते, चालायची गरज नाही. 109 लेणी आहेत पण 109 बघायच्या भानगडीत पडू नका, 3 नंबरचं मोठं चैत्य, म्हणजे प्रार्थनेचं दालन, पहिल्या टप्प्यातच आहे, सासूबाई तिथपर्यंत आरामात येतील, दोन्ही बाजूंना उंच उभे बुद्ध आहेत ते बघून तिथल्या पायरीवर बसतील. मुलाला वर ने. त्याला पाण्याच्या पोढी दाखव, दगडात खोदलेल्या टाक्या गं, जवळजवळ प्रत्येक लेण्याला स्वतःची, आणि डोंगरावरचं पावसाचं पाणी त्या टाकीत येईल असे बारीक पन्हळ कातळात खोदलेत. भिक्षू पावसाळ्यात तिथे राहायचे आणि पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरवायचे. माझा मोठा तेव्हा दहाचा होता, त्याने एका पन्हळात बाटलीतलं पाणी ओतलं आणि ते कुठून कुठे जातं बघत उताराने खाली खाली धावत गेला, टाकीपर्यंत पोचलं तेव्हा एवढा ओरडला की खालून कोणीतरी काय झालं म्हणून विचारलं. वीस वर्षं झाली, त्याला शाळेतलं काही आठवत नाही पण तो पन्हळ आठवतो.

आणि शिलालेखांचं सांग त्याला, ज्यांनी लेण्यांना पैसे दिले त्यांची नावं-गावं तिथे कोरलीत, कल्याणचे व्यापारी आहेत, सोपाऱ्याचे आहेत. कल्याण लोकल आणि नालासोपारा लोकल रोज ऐकणाऱ्या मुलाला हे जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे म्हटल्यावर काय वाटतं बघ. 90 नंबरच्या लेण्यात तर पहलवी म्हणजे जुन्या इराणी भाषेतले लेख आहेत, 1009 आणि 1021 सालचे, पारशी मंडळी बघायला आली होती ती आपली नावं लिहून गेली. ह्यावर तो विचारेलच की मग मी पण लिहू का, तेव्हा ठाम नाही म्हण. माकडांपासून मात्र सांभाळ, कान्हेरीला ती हातातली पिशवी ओढून नेतात, खाणं बॅगेत आणि बॅग पाठीवर नको, पोटावर.

आता सासूबाई. तू लिहिलंस "त्यांना एकटं कसं ठेवणार", म्हणजे तुझ्या मनात त्या एक अडचण झाल्यात, त्यांनाही ते कळलंय म्हणून त्या घरी राहते म्हणतायत. त्यांचं गाव कुठलं ते तू लिहिलं नाहीस पण त्या वयाची बाई गावी वाढलेली असायची शक्यता खूप. तसं असेल तर तुमच्या पाच जणांत जंगलातलं थोडंफार कळणाऱ्या त्या एकट्याच असतील. माझ्या सासूबाई संगमेश्वरच्या होत्या. आम्ही वनविभागाच्या कॅम्पला गेलो तेव्हा मी पण त्यांना कसं न्यायचं म्हणून आठवडाभर डोकं खाल्लं होतं माझ्या नवऱ्याचं, आणि तिथे गेल्यावर काय, गाइड पोरगा ऐनाचं झाड दाखवायला लागला की ह्या आधीच म्हणायच्या "ऐन गं तो, साल बघ ना मगरीच्या पाठीसारखी". कुडा, खैर, काटेसावर सगळं त्यांना पाठ. कारवीच्या झुडपाच्या काठ्यांना शेण-माती लिंपून त्यांच्या माहेरच्या भिंती होत्या, ते त्या मुलांना हाताने करून दाखवत होत्या, कशी काठी उभी लावायची, कसं थापायचं. कारवी आठ वर्षांनी फुलते, बोरिवलीला 2016 ला फुलली होती मग 2024 ला, माझ्या सासूबाईंनी माहेरी ती कधी फुलली होती त्यावरून मोजून सांगितलं होतं की त्या तेव्हा किती वर्षांच्या होत्या. तो गाइड पोरगा शेवटी त्यांच्याच शेजारी बसला.

म्हणून त्यांना "येता का" असं विचारू नकोस, त्याला त्या नाहीच म्हणणार. "आई, आम्हाला झाडं ओळखता येत नाहीत, मुलांना कोण सांगणार" असं विचार. आणि त्यांच्या गुडघ्यांची सोय आधी कर म्हणजे त्या निमित्त सांगू शकणार नाहीत. फोल्डिंगची कमोड खुर्ची मेडिकलच्या दुकानात मिळते, ती ने. जमिनीवर झोपवू नका, खाट आहे का विचारा, नसेल तर त्या दिवशी मुक्काम नको. काठी न्या, गुडघ्याचा पट्टा न्या.

टॉयलेटबद्दल लाजायचं काही नाही, बुकिंग करताना स्पष्ट विचारायचं, तंबूला जोडून आहे की लांब, लांब असेल तर किती पावलं, वाटेत रात्री लाइट असतो का, पाणी चोवीस तास की बादलीने, कमोड आहे की भारतीय पद्धतीचं. फोनवरचा माणूस "सगळी व्यवस्था आहे मॅडम" म्हणाला तर समजून जा की त्याने स्वतः बघितलेलं नाही. आमची एकदा चांगलीच फसगत झाली होती, एका एजंटने जंगल कॅम्प म्हणून पैसे घेतले आणि गेलो तर हायवेच्या कडेला शेतात दहा तंबू, रात्री एक वाजेपर्यंत डीजे, चाळीस माणसांना दोन संडास. माझी नणंद त्या रात्री पाणीच प्यायली नाही, जायला लागू नये म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी तिला एवढं डोकं दुखलं की ती गाडीतच पडून राहिली. तेव्हापासून मी फोटो मागवते, तंबूचा नाही, बाथरूमचा. आणि पाळी येणार असेल त्या तारखांना तर कागद आणि झिप लॉकच्या पिशव्या जास्त ने, तिकडे टाकायला जागा नसते, सगळं परत घेऊन यायचं.

सापांचं थोडक्यात. विषारी चारच लक्षात ठेव, नाग, मण्यार, घोणस, फुरसं. डिसेंबरात थंडीमुळे ते कमी दिसतात पण नियम तेच, रात्री टॉर्चशिवाय पाऊल टाकायचं नाही, बूट घालायच्या आधी उलटा करून झटकायचे, टेंटच्या जाळीची चेन सदा बंद, लाकूडफाट्यात आणि दगडांच्या सांदीत मुलांनी हात घालायचा नाही. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, हात-पाय हलू न देता थेट सरकारी दवाखाना, लस तिथे असते. जिथे राहणार तिथून जवळचा दवाखाना कुठला हे जायच्या आधी माहीत असू दे. मुलीच्या कपड्यांखालून, कानामागे रोज संध्याकाळी गोचीड बघायची. डासांना क्रीम, लांब बाह्या.

आणि ताडोबा. जा गं, नक्की जा, पण ख्रिसमसच्या आठवड्यात नको, तेव्हा सगळा महाराष्ट्र तिकडे असतो आणि चांगल्या गेटची बुकिंग महिनोन्‌महिने आधी संपलेली असते. फेब्रुवारीत कधीतरी दोन दिवस रजा टाकून जा, थंडी उतरलेली असते, पळस पेटलेला असतो. चार रात्री नको, दोन पुरे, आणि सफारी दोनच. 4 वर्षांची मुलगी उघड्या जिप्सीत चार तास बसणार, उतरायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही, ह्यापेक्षा जास्त तिच्याकडून मागणं बरोबर नाही. सकाळच्या सफारीला स्वेटर, कानटोपी, एक ब्लँकेट मांडीवर, फेब्रुवारीत पण पहाटे वारं झोंबतं. जिप्सीत सहा जण बसतात, तुम्ही पाच, म्हणजे एकच गाडी. सासूबाईंना एकच सफारी पुरे, जिप्सी चढायला उंच असते आणि कच्च्या रस्त्यावर धक्के बसतात, पाठीमागे उशी दे. बुकिंग वनविभागाच्या साइटवरून करा, ओळखपत्र जे टाकाल तेच मूळ प्रत घेऊन जायचं, मोबाइल कोअरमध्ये नेता येत नाही. मुलांसमोर मिस्टरांचा मोबाइल चार तास बंद, मला वाटतं तुम्हा सगळ्यांना ह्याचा फायदाच होईल. नागपूरपर्यंत दुरांतो किंवा विदर्भ एक्सप्रेसने रात्रीत जा, पुढे गाडी करून कोलाऱ्याच्या बाजूला. मंगळवारी कोअर बंद असतो, तारीख काढताना ते बघा.

ताडोबा हे महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान, 1955 चं. जायच्या आधी मुलांना तारूची गोष्ट सांग, तारू नावाचा गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजताना गेला, त्याचा देव झाला, तलावाकाठी त्याचं ठाणं आहे, पौषात आदिवासी तिथे जत्रेला येतात, त्याच्यावरूनच ताडोबा. वाघ दिसेल असं मात्र कबूल करू नका मुलांना. "वाघ बघायला चाललोय" म्हणून नेलं आणि नाही दिसला की पोरं हिरमुसतात, आणि त्या नादात मोर, अस्वल, रानकुत्री, कोळ्याचं एवढं मोठं जाळं असं सगळं समोरून निघून जातं. "जंगल बघायला चाललोय" असं म्हणा.

भीतीचं एक शेवटचं सांगते. आमच्या त्या वनविभागाच्या कॅम्पला रात्री दीडच्या सुमाराला एक वानर खोकल्यासारखं ओरडलं, मग दुसरं, मग लांब एक चितळ. टेंटमध्ये मी ताठ. मुलं झोपलेली, नवरा घोरतोय, माझ्या छातीचे ठोके मलाच ऐकू येतायत. बाहेर वॉचमन काका होते, आतल्याच पाड्यावरचे, त्यांनी टॉर्च न लावता हळू आवाजात विचारलं, "ताई, जाग्या का? तो वरच्या वाटेनं चाललाय, वानरं त्याला बघून ओरडतायत. आता थांबतील." आणि खरंच थांबली. आधी जवळचं वानर गप्प झालं, मग लांबचं. मग रातकिडे परत सुरू झाले. सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "गेला." त्या पण जाग्या होत्या, इतका वेळ एक शब्द बोलल्या नव्हत्या. मग आम्ही दोघी उजाडेपर्यंत बोलत पडलो होतो, त्यांच्या माहेरचं, त्यांच्या आईचं, लग्नाआधीचं कायकाय, जे त्या आमच्या घरात अकरा वर्षांत कधी बोलल्या नव्हत्या.

तर आता ह्या रविवारी मिस्टरांशी बोल, पुढच्या शनिवारी गच्ची, मग बोरिवली. बोरिवलीला फक्त सोमवारी जाऊ नका, सोमवारी बंद असतं.